भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या मुली
कोलकात्याच्या लोरेटो शाळांचा एक शोध

'कॉन्व्हेंट' हा शब्द महाराष्ट्रात आता कोणाचाही झाला आहे. तालुक्याच्या गावी दोन भाड्याच्या खोल्यांत भरणाऱ्या इंग्रजी शाळेच्या पाटीवर तो असतो, विदर्भात तर बालवाडीलाच सर्रास 'कॉन्व्हेंट' म्हणतात, आणि लग्नाच्या जाहिरातींतून 'कॉन्व्हेंट शिक्षित' हे विशेषण गोऱ्या रंगाच्या शेजारी कित्येक वर्षे बसलेले आपण पाहिले आहे. या शब्दाचा मूळ अर्थ शाळा असा नाहीच. व्रतस्थ स्त्रियांनी एकत्र राहण्याचे घर म्हणजे कॉन्व्हेंट. त्या घराभोवती भिंत असायची, आणि त्या भिंतीच्या आत शाळा आली ती फार नंतर.

ही भिंत मला महत्त्वाची वाटते. मिशनरी शाळांबद्दल आपल्याकडे लिहिले जाते ते एक तर कृतज्ञतेने किंवा संशयाने, आणि दोन्ही वेळा चर्चा धर्मांतर आणि इंग्रजी या दोन मुद्द्यांवर येऊन थांबते. मला प्रश्न पडत आला तो वेगळा. या शाळा नेमक्या कोणत्या मुलींसाठी होत्या? आत कोण आणि बाहेर कोण, हे कोण ठरवत होते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोलकात्याच्या लोरेटो शाळांइतके चांगले उदाहरण मला भारतात दुसरे सापडले नाही.

त्यासाठी आधी थोडे लांब, सतराव्या शतकातल्या इंग्लंडात जावे लागते. मेरी वॉर्ड ही बाई २३ जानेवारी १५८५ रोजी यॉर्कशरमधल्या एका कॅथलिक घरात जन्मली. प्रॉटेस्टंट राजवटीत कॅथलिक असणे हाच तेव्हा गुन्हा होता. १६०५ मध्ये लंडनचे पार्लमेंट सुरुंगाने उडवण्याचा जो प्रसिद्ध कट झाला, त्यातले राइट बंधू हे तिचे सख्खे मामा. अशा घरातली मुलगी जोगीण व्हायला समुद्र ओलांडून गेली, तेव्हा तिच्यापुढे एकच मार्ग होता. मठाच्या भिंतीआड जायचे आणि पुन्हा बाहेर यायचे नाही. स्त्रियांनी व्रत घेतले की बंदिस्त राहिलेच पाहिजे, असा चर्चचा नियम ट्रेंटच्या धर्मसभेनंतर अधिकच कडक झाला होता.

मेरीला ते मान्य नव्हते. १६०९ मध्ये तिने सेंट ओमेर या गावी काही मैत्रिणींसह संस्था काढली आणि मुलींना शिकवायला सुरुवात केली. तिचे म्हणणे असे की जेझुइट पुरुष जसे भिंतीबाहेर राहून, थेट पोपला उत्तरदायी राहून शाळा चालवतात, तसेच स्त्रियांनाही करू द्यावे. हे म्हणणे मांडायला ती १६२१ मध्ये आल्प्स पर्वत पायी ओलांडून रोमला गेली. उत्तर दहा वर्षांनी मिळाले. १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी फर्मान काढून तिची संस्था मोडीत काढली आणि तिला म्युनिकच्या एका मठात कैदेत टाकले. तिथून ती लिंबाच्या रसाने चिठ्ठ्या लिहून बाहेर पाठवी. कागद शेकोटीवर धरला की अक्षरे उमटत. १६४५ मध्ये ती वारली. संस्थेचे तुकडे मात्र जगले. १७०३ मध्ये रोमने त्यांच्या नियमांना मान्यता दिली, पण पुढे १७४९ मध्ये बजावले की मेरी वॉर्डला संस्थापिका म्हणायचे नाही. ही बंदी उठायला १९०९ साल उजाडावे लागले.

म्हणजे ज्या स्त्रिया १८४१ मध्ये कोलकात्याला उतरल्या, त्यांना आपल्या मूळ बाईचे नाव अधिकृतपणे घेण्याचीही मुभा नव्हती.

मधला दुवा आयर्लंडचा आहे. तिथे कॅथलिकांनी शाळा चालवू नये आणि मुलांना शिकायला परदेशीही पाठवू नये, असा कायदा १६९५ पासून होता. अठराव्या शतकाच्या शेवटी तो सैल झाला, तरी मुलींसाठी चांगली शाळा नव्हतीच. डब्लिनच्या एका श्रीमंत रेशीम व्यापाऱ्याची मुलगी फ्रान्सिस बॉल नवव्या वर्षी इंग्लंडात यॉर्कच्या बार कॉन्व्हेंटमध्ये शिकायला गेली. १६८६ मध्ये मेरी वॉर्डच्या परंपरेतल्या स्त्रियांनी लपूनछपून सुरू केलेले हे घर. तिथेच तिने पुढे दीक्षा घेतली, नाव झाले तेरेसा, आणि १८२२ मध्ये तिने डब्लिनजवळ राथफार्नहॅम येथे आपले घर मांडले. त्याला नाव दिले लोरेटो. इटलीत लोरेटो नावाचे तीर्थक्षेत्र आहे. नाझरेथमधले मरियेचे घर देवदूतांनी उचलून तिथे आणून ठेवले अशी श्रद्धा आहे, आणि मेरी वॉर्ड तिथे जाऊन प्रार्थना करीत असे. नाव घेता येत नव्हते, पण आठवण अशी ठेवता येत होती. (या मदर तेरेसा बॉल वेगळ्या. आपल्याला माहीत असलेल्या मदर तेरेसांनी आपले नाव फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेसेवरून घेतले. त्या या लेखात पुढे येणार आहेत.)

बंगालमधल्या कॅथलिक धर्मगुरूंनी राथफार्नहॅमकडे शिक्षिका मागितल्या. मदर डेल्फिन हार्ट यांच्या नेतृत्वाखाली बारा जणी शिडाच्या जहाजाने निघाल्या आणि ३० डिसेंबर १८४१ रोजी कोलकात्याला पोहोचल्या. आयर्लंडबाहेरचे हे लोरेटोचे पहिले घर. १० जानेवारी १८४२ रोजी, म्हणजे पाऊल ठेवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, मिडल्टन रो येथे शाळा सुरू झाली. ही जागा पूर्वी सर एलायजा इम्पी यांच्या बागबंगल्याची. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात नंदकुमारांना फाशी सुनावणारे सरन्यायाधीश ते हेच. त्यांनी तिथे हरणे पाळली होती, त्या हरणांच्या बागेवरून शेजारच्या रस्त्याला पार्क स्ट्रीट नाव पडले.

१८४२ हे साल पाहून उत्साहाने कोणी म्हणेल की पुण्यातल्या भिडेवाड्यातल्या शाळेच्या सहा वर्षे आधी कोलकात्यात मुलींची शाळा निघाली. ही तुलना मला गैर वाटते. तसे पाहिले तर मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ मध्येच मुलींसाठी शाळा काढली होती. मुद्दा सालाचा नाही. भिडेवाड्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव ज्या मुली घेऊन बसले त्या त्याच गावच्या होत्या, शिक्षण त्यांच्याच भाषेत होते आणि दगड-शेण गावातूनच येत होते. कोलकात्यात १८४९ मध्ये बेथून यांनी काढलेली शाळाही बंगाली घरांतल्या मुलींसाठी होती. मिडल्टन रोची शाळा प्रामुख्याने युरोपीय आणि युरेशियन मुलींसाठी होती. बंगाली मुलगी तिथे सुरुवातीला अपवादच.

पण युरोपीय म्हणजे सगळे साहेब नव्हेत, हे इथे लक्षात घ्यायला हवे. कंपनीच्या फौजेत आयरिश शिपाई भरपूर होते. ते तापाने, पटकीने, लढाईत मरत, आणि मागे पोरे राहत. पोर्तुगीज वंशाची गरीब कॅथलिक वस्तीही शहरात होती. त्यामुळे लोरेटोच्या जोगिणींचे काम पहिल्यापासून दोन दरवाज्यांचे झाले. एका दरवाज्याने फी भरणाऱ्या मुली येत, पियानो आणि फ्रेंच शिकत. दुसऱ्याने अनाथ आणि फुकट शिकणाऱ्या मुली येत, शिवण आणि घरकाम शिकत. पहिलीच्या पैशावर दुसरी चाले. युरोपातल्या बहुतेक मठांच्या शाळांची हीच रीत होती. तिच्यात दया खरी होती आणि पंक्तिभेदही खरा होता. एंटालीच्या विस्तीर्ण आवारात वसतिगृह आणि अनाथालय उभे राहिले, १८४६ मध्ये दार्जिलिंगला शाळा निघाली, १८५७ मध्ये सियालदहला, पुढे आसनसोल, लखनौ, सिमला. १९१२ मध्ये लोरेटो कॉलेज कलकत्ता विद्यापीठाशी जोडले गेले. या काळात सरकारी दप्तरात 'युरोपीय शाळा' हा स्वतंत्र वर्गच होता आणि त्याला अनुदानही वेगळे, सढळ मिळे. भिंत आता धर्माची कमी आणि वंशाची जास्त झाली होती.

एंटालीच्या आवारात आणखी एक शाळा होती, सेंट मेरीज. ती बंगाली माध्यमाची. लोरेटोच्या या इतिहासात मला सर्वांत जास्त कुतूहल तिचे वाटते. बाजूलाच इंग्रजी शाळा, आणि हिच्यात बंगाली मुली, बंगाली पुस्तके. शिकवणाऱ्यांत 'डॉटर्स ऑफ सेंट ॲन' या संघाच्या बंगाली जोगिणी होत्या. त्या झगा न घालता साडी नेसत. उन्हाळ्यात पांढरी, हिवाळ्यात निळी. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

६ जानेवारी १९२९ रोजी स्कोप्येची एक अठरा वर्षांची मुलगी राथफार्नहॅममार्गे कोलकात्याला उतरली. दार्जिलिंगला तिने पहिली दीक्षा घेतली आणि १९३१ पासून सेंट मेरीजमध्ये ती भूगोल आणि इतिहास शिकवू लागली. १९४४ मध्ये त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. जगाला माहीत असलेल्या मदर तेरेसा जवळजवळ वीस वर्षे शाळामास्तरीण होत्या, हे आपण बहुधा विसरतो.

या शाळेच्या भिंतीला लागून मोतीझील नावाची झोपडपट्टी होती. नावात मोती आणि तळे, प्रत्यक्षात डबक्याभोवतीची वस्ती. आणि इथे इतिहासाने केलेली थट्टा पाहा. मेरी वॉर्डने भिंतीबाहेर राहण्यासाठी कैद भोगली, पण तिच्या नावाचा उच्चार टाळत वाढलेल्या संस्थेने काळाच्या ओघात भिंत स्वीकारली होती. १९३० च्या दशकात लोरेटोच्या जोगिणी आजारपण किंवा दार्जिलिंगची एकांतसाधना अशा कारणांखेरीज आवाराबाहेर सहसा पडत नसत. मुलींना मात्र ती बंदी नव्हती. फादर ज्युलियन हेन्री या बेल्जियन जेझुइटाच्या मार्गदर्शनाखाली मुलींचे एक मंडळ होते. त्या शनिवारी मोतीझीलमध्ये जात, रुग्णालयात गरीब रोग्यांना भेटत, आणि परत येऊन शिक्षिकेला पाहिलेले सांगत. शिक्षिका आत बसून ऐकत. आत-बाहेर करणाऱ्या त्या शाळकरी मुली, आणि बातमी मिळणारी ती मुख्याध्यापिका. मदर तेरेसांच्या चरित्रांतून रेल्वेच्या डब्यातला तो दैवी साद ऐकू आल्याचा दिवस, १० सप्टेंबर १९४६, ठळक अक्षरांत येतो. माझ्या मते त्या दिवसाची तयारी या शनिवारांनी केली होती, आणि १९४३ च्या दुष्काळाने, आणि १६ ऑगस्ट १९४६ च्या दंगलीने. त्या दिवशी वसतिगृहातल्या मुलींना खायला काही उरले नाही, म्हणून नियम मोडून त्या एकट्याच तांदूळ शोधायला रस्त्यावर गेल्या आणि त्यांनी प्रेते पाहिली.

ऑगस्ट १९४८ मध्ये रोमची परवानगी घेऊन त्या एंटालीच्या फाटकाबाहेर पडल्या. अंगावर निळ्या काठाची पांढरी स्वस्त साडी होती. विदेशी जोगिणीने साडी नेसावी याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले, पण सेंट मेरीजमध्ये साडीतल्या जोगिणी त्या रोज पाहत होत्या. डिसेंबरात त्यांनी मोतीझीलमध्येच उघड्यावर शाळा सुरू केली, काठीने मातीत अक्षरे काढून. १९ मार्च १९४९ रोजी पहिली साथीदार येऊन मिळाली ती सुभाषिणी दास, सेंट मेरीजचीच विद्यार्थिनी, पुढच्या सिस्टर ॲग्नेस. सुरुवातीच्या साथीदारांतल्या बऱ्याच जणी त्यांच्याच शाळेतल्या. एका मुलींच्या शाळेने शिक्षिकेला बाहेर काढले आणि मग तिच्या मुलीही बाहेर आल्या, असे म्हटले तर चूक होणार नाही.

पण शाळा जिथे होती तिथेच राहिली, आणि तिच्यापुढे आता वेगळाच प्रश्न आला. इंग्रज गेले, अँग्लो-इंडियन कुटुंबे ऑस्ट्रेलिया-इंग्लंडकडे निघाली. राज्यघटनेच्या ३३७ व्या कलमाने अँग्लो-इंडियन शाळांचे अनुदान दहा वर्षे, दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी करत, चालू ठेवले. त्याला एक अट घातली होती, ती फारशी कोणी सांगत नाही. दर वर्षी निदान ४० टक्के जागा इतर समाजांसाठी खुल्या असल्याच पाहिजेत. यावरचा गाजलेला खटला आपल्या मुंबई राज्यातला. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक सोडून कोणाला प्रवेश देऊ नये. मातृभाषेच्या प्रेमापोटी काढलेला हुकूम. नाशिकजवळच्या देवळालीचे बार्न्स हायस्कूल (कॅथलिक नव्हे, पण अँग्लो-इंडियन) न्यायालयात गेले. आधी उच्च न्यायालयाने आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. घटनेने दार उघडायची अट घातलेली असताना सरकारच ते बंद करत होते.

दार उघडले. पण त्यातून आत आला तो नवा मध्यमवर्ग, डॉक्टर-वकील-अधिकाऱ्यांच्या मुली. वंशाच्या भिंतीच्या जागी फीची भिंत आली. 'कॉन्व्हेंट शिक्षित' हा लग्नाच्या बाजारातला शब्द याच काळाचे अपत्य. आयरिश शिपायांच्या अनाथ पोरींसाठी शिवणवर्ग चालवणाऱ्या संस्थेचे नाव प्रतिष्ठेचे लेबल होऊन बसले.

सियालदह स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडून आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्याने थोडे चालले की १८५७ ची ती लोरेटो डे स्कूल लागते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी हे स्टेशन वर्षानुवर्षे भरलेले होते. पुढेही फलाटावर आणि पदपथावर वाढणारी मुले इथे कधी कमी झाली नाहीत. १९७९ मध्ये सिस्टर सिरिल मूनी इथे प्राचार्या झाल्या. आयर्लंडमधल्या ब्रे गावच्या, १९५६ मध्ये भारतात आलेल्या, प्राणिशास्त्रातल्या डॉक्टरेट. त्यांनी आधी एक साधे काम केले. फी न भरणाऱ्या मुलींची संख्या वाढवत नेली, इतकी की काही वर्षांत सुमारे १४०० मुलींपैकी निम्म्या विनाशुल्क शिकू लागल्या. आणि त्यांच्यासाठी वेगळा दरवाजा ठेवला नाही. तोच वर्ग, तोच बाक, तोच गणवेश. दोन दरवाज्यांची एकशेचाळीस वर्षांची रीत इथे मोडली.

दुसरे काम १९८५ मधले, 'रेनबो' नावाचे. पदपथावरच्या मुली शाळेच्या फाटकाशी घुटमळत. त्यांना आत घेतले. पण ज्या मुलीला आठवड्यातून दोन दिवस भीक मागायची आहे, धाकटे भावंड सांभाळायचे आहे, ती वर्गात बसणार कशी? म्हणून तिने यावे तेव्हा यावे आणि ती आली की तिला शिकवायला कोणीतरी हजर असावे, अशी व्यवस्था केली. शिकवणार कोण? शाळेच्याच पाचवीपासून पुढच्या मुली. कार्यानुभवाच्या तासाला, वेळापत्रकात बसवून, एकीने एकीला. नियमित विद्यार्थिनी रोज वर्गावर्गातून आळीपाळीने येत राहिल्या की रेनबोच्या मुलीला जेव्हा यायचे तेव्हा शिक्षिका तयारच असे. तयारी झाली, वय जुळले, की ती नेहमीच्या वर्गात जाई. रात्री रस्त्यावर सुरक्षित नसलेल्या मुली शाळेतच झोपू लागल्या. जी इमारत दुपारनंतर रिकामी पडते ती रात्री का वापरू नये, इतका हा साधा हिशेब होता. महिन्याला हजारो रुपयांचे भाडे देऊन वसतिगृहे चालवणाऱ्या आपल्याकडच्या संस्थाचालकांनी तो करून पाहण्यासारखा आहे.

मुलींनी दर आठवड्याला खेड्यातल्या शाळांत जाऊन शिकवायचे, हेही याच शाळेत रुजले. मोतीझीलच्या शनिवारांशी हे किती जुळते ते वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पालक नाराज झाले का? काही झाले. अभ्यास बुडेल, आजार घरी येतील, या शंका अपेक्षितच होत्या. पण शाळेच्या परीक्षेच्या निकालाला धक्का लागला नाही आणि प्रवेशासाठीची रांगही कमी झाली नाही. युनेस्कोचे साक्षरतेसाठीचे नोमा पारितोषिक शाळेला १९९४ मध्ये मिळाले, सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये पद्मश्री.

याच सुमारास देशभरात दुसरी चर्चा सुरू झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना देणे बंधनकारक केले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. म्हणजे ज्या कलमाने मिशनरी शाळांची फीची भिंत थोडी खाली आली असती, त्यातून त्या सुटल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो फेरविचारासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. अल्पसंख्याकांचा आपल्या संस्था आपल्या रीतीने चालवण्याचा हक्क मला मोलाचा वाटतो. मेरी वॉर्डचा किंवा डब्लिनच्या बंदी घातलेल्या शाळांचा इतिहास वाचलेल्या माणसाला तो हलका वाटणारच नाही. पण त्या हक्काचा वापर गरीब मूल बाहेर ठेवण्यासाठी व्हावा, हे मला पटवून घेता येत नाही. कायदा यायच्या बरीच वर्षे आधी एका अल्पसंख्याक शाळेने पंचवीस नव्हे, पन्नास टक्क्यांचा आकडा स्वतःहून गाठला होता.

लोरेटोच्या शाळांत २३ ते ३० जानेवारी हा 'मेरी वॉर्ड सप्ताह' असतो. तिच्या जन्मदिवसापासून मृत्युदिनापर्यंत. १९०९ पर्यंत तिचे नावही घेता येत नव्हते, आता तिच्या चित्राला हार असतो आणि मुली तिच्या आयुष्यावर नाटुकली बसवतात. कोलकात्यात मात्र एक अडचण येते. २३ जानेवारी हा नेताजी सुभाषचंद्र बोसांचाही जन्मदिवस, आणि बंगालमध्ये त्या दिवशी शाळांना सुट्टी असते.